उसन्या विजेवरची अक्षरपट्टी



सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संकलन केंद्रावर जे रांगेत उभे राहतात, त्यांची नजर कुठे असते हे मी सांगायला नको. किटलीतले दूध काट्यावरच्या भांड्यात ओतले, की माणूस आधी मान वर करून पाहतो. तिथे एक लहानशी पट्टी असते आणि तिच्यावर आकडे उमटतात. दूध किती, फॅट किती, दर काय बसला. पूर्वी हे आकडे फक्त वहीत पडत आणि वहीचे तोंड सचिवाकडे असे. या पट्टीचे तोंड आपल्याकडे असते. एवढ्याशा फरकाने माणसाला केवढा धीर येतो, हे ज्याने दूध घातले आहे त्यालाच कळेल.

ही पट्टी शाळेतल्या मुलांनीही पाहिलेली असते. मग आठवी-नववीतला एखादा खटपट्या मुलगा, नाहीतर मुलगी, शिक्षकांना विचारतेच, "सर, अशी पट्टी आपल्याला करता येईल का?" करता येते. सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारी पट्टी जिल्ह्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात सहज मिळते. तिला चालवणारी बोटाच्या पेराएवढी चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, तोही तिथेच मिळतो. आणि शाळेच्या कोपऱ्यात जुना संगणक असतो. त्याच्या पाठीमागे नऊ पिनांची एक जोडणी असते, तिला सिरीअल पोर्ट म्हणतात. त्या पोर्टातून केबल काढली की अक्षरे पट्टीपर्यंत येतात.

अक्षरे येतात हो, पण वीज? व्हरांड्यात लावायच्या पट्टीसाठी भिंतीत वेगळा सॉकेट नसतो. असलाच तर त्याला घंटा नाहीतर पाण्याची मोटार जोडलेली असते. तेव्हा साहजिकच असा विचार मनात येतो, की जी केबल अक्षरे आणते तिच्यातूनच थोडी वीज घेता येईल का? आजच्या भाषणाचा विषय हा. याचे उत्तर आहे, "येईल, पण." आणि माझे आजचे बरेचसे बोलणे त्या 'पण'विषयी आहे. शाळेत असा संगणक बहुधा एकच असतो. त्याचे पोर्ट एकदा जळाले, की ते दुरुस्त करायला तालुक्याहून कोणी येत नाही. मग वर्षभर मुलांना संगणकाला हात लावू दिला जात नाही. पट्टी पेटली नाही तर नुकसान दोन-चारशे रुपयांचे आहे. मुलांच्या हातातून संगणक काढून घेतला गेला, तर ते नुकसान मोजता येत नाही.

आधी हे पोर्ट काय आहे ते पाहू. याच्यामागे एक जुने मानक आहे. त्याचे नाव आरएस-२३२. १९६० साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन या संस्थेने ते प्रथम काढले आणि त्याची जी सुधारलेली आवृत्ती पुढे सर्वत्र रूढ झाली ती १९६९ सालची. त्या काळी घरोघरी संगणक नव्हते. टेलिप्रिंटरसारखे एक अवजड यंत्र एका बाजूला आणि टेलिफोनच्या तारेवरून संदेश पाठवणारे मॉडेम दुसऱ्या बाजूला, अशा दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे हे ठरवण्यासाठी हे मानक झाले. दोन्ही यंत्रांना स्वतःची वीज भिंतीतून मिळत होती. एकाने दुसऱ्याला वीज पुरवण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून या जोडणीत पंचवीस पिना ठेवल्या, तरी वीज पुरवण्यासाठी अशी एकही पिन ठेवली नाही. पुढे १९८४ साली आयबीएम कंपनीचा 'पीसी एटी' हा संगणक आला, त्यावर पंचविसाच्या नऊ पिना झाल्या आणि तीच नऊ पिनांची जोडणी सगळीकडे चालू राहिली. त्या नऊ पिनांतही वीजपुरवठ्याची पिन नाही.

हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण आजच्या मुलांना यूएसबीची सवय आहे. तिथे पाच व्होल्टची तार हक्काने असते. सिरीअल पोर्टात असा हक्क नाही. इथे जे मिळते ते उसने.

मग उसने कोणाकडून घ्यायचे? नऊ पिनांपैकी काही पिनांवर संगणक बोलतो आणि काहींवर ऐकतो. बोलण्याच्या पिना तीन. तीन नंबरच्या पिनेवरून अक्षरे बाहेर जातात. चार नंबरच्या पिनेला डीटीआर म्हणतात. संगणक तिच्यावरून समोरच्या यंत्राला सांगतो, "मी तयार आहे." सात नंबरच्या पिनेला आरटीएस म्हणतात. तिच्यावरून तो विचारतो, "पाठवू का?" आणि पाच नंबरची पिन म्हणजे सगळ्यांची सामाईक जमीन, जिला आपण अर्थ किंवा ग्राउंड म्हणतो.

आता गंमत अशी, की या मानकात 'हो' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द विजेच्या दाबाने सांगायचे असतात. डीटीआर किंवा आरटीएस 'हो' म्हणते तेव्हा तिच्यावर जमिनीच्या मानाने धन दाब असतो आणि 'नाही' म्हणते तेव्हा ऋण दाब असतो. ऐकणारे यंत्र तीन व्होल्टपासून पंधरा व्होल्टपर्यंतचा दाब ओळखते. अक्षरांच्या तारेवर उलटे आहे. ती गप्प असते तेव्हा तिच्यावर ऋण दाब असतो आणि बोलताना तो धन-ऋण, धन-ऋण असा नाचतो. म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. डीटीआर आणि आरटीएस मात्र एकदा 'हो' म्हणाल्या की संगणकातला प्रोग्राम सांगेपर्यंत 'हो'च म्हणत राहतात. म्हणजे त्या तारांवर दहा-अकरा व्होल्टचा दाब ताटकळत उभा असतो. त्याचाच थोडा उपयोग करून घ्यायचा.

आपल्याकडे तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाचा डबा सकाळच्या एस.टी.ने जातो. एस.टी. माणसे नेण्यासाठी असते. तरीही डबा जातो, कारण गाडी जाणारच असते आणि डब्याचा तिला काही भार होत नाही. उद्या त्याच कंडक्टरच्या हातात ज्वारीचे पोते द्यायला गेलो तर तो काय म्हणेल? आपला सारा प्रश्न एवढाच आहे, की आपल्या पट्टीची भूक डब्याएवढी आहे की पोत्याएवढी?

ही युक्ती आपण आज शोधून काढली असे मात्र समजू नका. संगणकाचा माऊस यूएसबीवर जाण्यापूर्वी कित्येक वर्षे याच नऊ पिनांच्या पोर्टाला लावला जाई आणि त्याला वेगळी वीज लागत नसे. तो डीटीआर आणि आरटीएस यांच्यावरच जगत असे. एवढेच नव्हे, तर संगणकाने त्या तारा बंद करून पुन्हा चालू केल्या की माऊसला वीज नव्याने मिळे आणि तो जागा होऊन 'एम' हे एक अक्षर पाठवी. त्यावरून संगणकाला कळे, की पलीकडे माऊस आहे. लाखो माऊस अशा उसन्या विजेवर चालले. तेव्हा मार्ग मळलेला आहे. जपून चालायचे, इतकेच.

आता हिशेब. प्रथम पाहू, की मानक आपल्याला हक्काने किती देते. मानक म्हणते, की बोलणाऱ्या तारेवर तीन हजार ओहमचा भार टाकला तरी दाब पाच व्होल्टच्या खाली जाता कामा नये. नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम आठवा. पाचाला तीन हजारांनी भागा. उत्तर येते एक मिलिअँपिअर आणि वर दोन तृतीयांश. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. म्हणजे एका तारेमागे हक्काचे म्हणून आपल्याला पावणेदोन मिलिअँपिअरसुद्धा मिळत नाहीत. यापेक्षा जास्त जे मिळेल ते त्या संगणकाच्या आतल्या चिपचे औदार्य.

सुदैवाने जुन्या, टेबलावरच्या संगणकांत हे औदार्य पुष्कळ असते. त्यांच्या आत अधिक बारा आणि उणे बारा व्होल्टवर चालणारी चिप असते आणि ती एका तारेवर दहा मिलिअँपिअरच्या आसपास देते, कधी थोडे कमी. त्याहून जास्त मागितले की ती स्वतःच हात आखडता घेते. दाब भराभर उतरतो. जुन्या लॅपटॉपचे तसे नसते. त्यांच्या पोर्टावर मुळातच पाच-सहा व्होल्ट दिसतात आणि भार टाकला की तेही ढासळतात. म्हणून दुसऱ्या कोणाच्या पोर्टावर काय मिळाले याला अर्थ नाही. आपल्या पोर्टावर काय मिळते ते आपण मोजायचे.

मोजणे अवघड नाही आणि वर्गात सर्वांसमोर करण्यासारखे आहे. एक स्वस्तातला मल्टिमीटर आणि एक हजार ओहमचा एक रेझिस्टर घ्या. संगणकावर सिरीअल पोर्ट उघडणारा कोणताही लहान प्रोग्राम सुरू करा. पोर्ट उघडले की बहुतेक प्रोग्राम डीटीआर आणि आरटीएस दोन्ही 'हो' करतात. मग चार नंबर आणि पाच नंबर या पिनांमधला दाब मोजा. समजा, अकरा व्होल्ट आला. हा रिकाम्या हाताचा दाब झाला. यावरून काहीच कळत नाही. आता त्याच दोन पिनांमध्ये तो हजार ओहमचा रेझिस्टर जोडा आणि पुन्हा दाब मोजा. समजा, आठ व्होल्ट आला. रेझिस्टर हजार ओहमचा असल्यामुळे जितके व्होल्ट तितकेच मिलिअँपिअर. म्हणजे आठ व्होल्टवर आठ मिलिअँपिअर मिळतात. हजार ओहमचा रेझिस्टर मी उगीच निवडलेला नाही. भागाकार तोंडीच होतो, आणि मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा उत्तर देतो. सात नंबरच्या पिनेवर हेच पुन्हा करा. फळ्यावर दोन्ही आकडे लिहून ठेवा.

ही झाली मिळकत. आता खर्चाची बाजू.

पट्टी स्वतः अगदी थोडे खाते. या पट्ट्यांच्या आत बहुधा हिताची कंपनीच्या एचडी४४७८० या चिपची, किंवा तिच्या बरहुकूम चालणारी, चिप असते. द्रवस्फटिकाची ही पट्टी स्वतः उजेड देत नाही. पडलेल्या उजेडाला फक्त अडवते किंवा जाऊ देते. म्हणून पाच व्होल्टवर तिला दीड-दोन मिलिअँपिअर पुरतात. अक्षरे गडद-फिकी करण्यासाठी दहा हजार ओहमचा एक फिरता रेझिस्टर लावतात. त्याच्याकडे कोणी खर्च म्हणून पाहत नाही, पण तोही अर्धा मिलिअँपिअर गट्ट करतो. मायक्रोकंट्रोलर सावकाश चालवला, म्हणजे सेकंदाला चाळीस लाख ठोक्यांवर ठेवला, तर त्याला साधारण दोन-तीन लागतात. अक्षरांची तार वाचण्यासाठी जो ट्रान्झिस्टर लागतो, त्याचा अर्धा धरा. झाले पाच-सव्वापाच.

आता खरा चोर पाहा. पोर्टातून येणारा दाब आठ-दहा व्होल्टचा आणि पट्टीला हवे पाच. मध्ये दाब उतरवणारा रेग्युलेटर लागतो. दुकानदाराकडे पाच व्होल्टचा लहान रेग्युलेटर मागितला, की तो ७८एल०५ काढून देतो. चांगली वस्तू आहे, स्वस्त आहे. पण तो नुसता उभा राहण्याचेच तीन-चार मिलिअँपिअर घेतो. पट्टी खाते दीड आणि तिला पोचवणारा हमाल खातो साडेतीन! शिवाय त्याला आत सात व्होल्टच्या आसपास दाब लागतो, नाहीतर बाहेर पाच येत नाहीत. म्हणून दुकानदाराला एलपी २९५० मागा. तो दिसायला तसाच, तीन पायांचा. पण त्याची स्वतःची भूक मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी, आणि एवढ्याशा भाराला आत पाच व्होल्टहून थोडेसेच जास्त असले तरी त्याचे भागते. मात्र त्याच्या बाहेरच्या पायाशी किमान एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावाच लागतो. नाहीतर तो डळमळतो. एका सुट्या भागाच्या निवडीने खर्च पावणेनऊवरून सव्वापाचावर येतो. आठ मिलिअँपिअरची मिळकत असलेल्या घराला हा फरक केवढा, हे काय सांगायचे!

आणि पट्टीच्या मागचा दिवा? तो विसराच. अंधारात अक्षरे दिसावीत म्हणून पट्टीच्या पाठीशी एलईडी बसवलेले असतात. त्यांना वीस-पंचवीसपासून, जुन्या पिवळ्या-हिरव्या उजेडाच्या पट्टीत तर शंभराहून जास्त मिलिअँपिअर लागतात. हे पोते आहे. हे एस.टी.च्या टपावर चढणार नाही. दिव्याचे दोन पाय मोकळे ठेवा आणि पट्टी दिवसाउजेडी वाचता येईल अशा जागी लावा. विकत घेतानाच उजेडाशिवाय वाचता येणारी पट्टी घ्यावी. काही निळ्या पट्ट्यांवर पांढरी अक्षरे दिसतात, त्या मागच्या दिव्यावाचून जवळजवळ कोऱ्या दिसतात. त्या आपल्या कामाच्या नाहीत. आकड्यांत सांगायचे तर आठ व्होल्ट गुणिले आठ मिलिअँपिअर म्हणजे चौसष्ट मिलिवॅट, एवढीच एका तारेची ऐपत. पाच वॅटचा एक दिवा लावायचा झाला तर अशा सत्तर-ऐंशी तारा लागतील.

जोडणी आता थोडक्यात सांगतो. चार नंबर आणि सात नंबर या दोन्ही पिनांपासून एकेक डायोड घ्यायचा, १एन४१४८ चालतो, आणि दोघांची पुढची टोके एकत्र करायची. डायोड म्हणजे विहिरीच्या पाइपातली एकतर्फी झडप. संगणक सुरू होताना या तारांवर ऋण दाब असतो. तो पट्टीकडे जाऊ नये म्हणून ही झडप हवीच. ती दाबातले सहा-सात दशांश व्होल्ट खाते, पण त्याला इलाज नाही. दोन तारा एकत्र केल्यामुळे मिळकत वाढते, आणि एक थकली तर दुसरी आधार देते. डायोडांच्या पुढे दोनशेवीस मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्टचा एक कपॅसिटर रांजणासारखा ठेवायचा आणि मग रेग्युलेटर.

रांजण मोठा असला तर बरेच, असे कोणालाही वाटेल. इथे ते खरे नाही. आठ मिलिअँपिअरच्या धारेने दोनशेवीसचा कपॅसिटर आठ व्होल्टपर्यंत भरायला पाव सेकंदाहून थोडा कमीच वेळ लागतो. त्याच्या जागी चार हजार सातशेचा ठेवला तर पाच सेकंद लागतील. त्या पाच सेकंदांत मायक्रोकंट्रोलर अर्धवट दाबावर डोळे किलकिले करून भलतेच काही करू लागतो.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. ती ठाऊक नसल्यामुळे अनेक मुले चांगल्या पट्ट्या बिघडल्या म्हणून टाकून देतात. वीज मिळाली की पट्टीच्या आतली चिप स्वतःच स्वतःला तयार करते. पण त्यासाठी दाब दहा मिलिसेकंदांच्या आत वर चढावा, अशी तिची अट आहे. आपली उसनी वीज इतकी चपळ नसते. मग पट्टीच्या वरच्या ओळीत काळे चौकोन उमटतात आणि तसेच राहतात. काळे चौकोन दिसले तर घाबरू नका. उलट समाधान माना, कारण वीज पोचल्याची ती खूण आहे. मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये सुरुवातीला थोडे थांबून पट्टीला तयार होण्याच्या आज्ञा क्रमाने द्यायच्या, की चौकोन जातात आणि अक्षरे येतात.

राहिली अक्षरांची तार. तिच्यावर अधिक-उणे दहा-अकरा व्होल्टची उडी असते, ती मायक्रोकंट्रोलरला थेट सोसणार नाही. यासाठी पुस्तकांत मॅक्स२३२ नावाची चिप सांगितलेली असते. ती उत्तम आहे, पण तिची भूक आपल्या सबंध घराएवढी. त्यापेक्षा बीसी५४७ हा साधा ट्रान्झिस्टर घ्या. तीन नंबरच्या पिनेपासून बावीस हजार ओहममधून त्याच्या बेसला तार द्या. एमिटर जमिनीला. कलेक्टर दहा हजार ओहममधून पाच व्होल्टला, आणि तिथूनच मायक्रोकंट्रोलरला. बेस आणि जमीन यांच्यामध्ये एक उलटा डायोड ठेवा, म्हणजे ऋण दाबाने ट्रान्झिस्टर फुटणार नाही. अक्षरे उलटी येतात ती याच ट्रान्झिस्टरने सुलटी होतात. एका दगडात दोन पक्षी.

आता दोन धोक्यांविषयी बोलतो. पहिला धोका हुशार मुलांकडून असतो. "सर, संगणकाच्या पेटीत लाल तार पाच व्होल्टची असते. तीच बाहेर काढू या की!" लाल तार पाचाची, पिवळी बाराची, काळी जमीन, ही माहिती बरोबर आहे. पण त्या लाल तारेच्या मागे जो पुरवठा आहे तो दहा-वीस अँपिअर सहज देतो. सिरीअल पोर्टाची तार चुकून जमिनीला टेकली तर आतली चिप प्रवाह आवरून धरते. लाल तार टेकली तर तिला आवरायला कोणी नसते. केबलचे प्लास्टिक वितळते आणि व्हरांड्यात धूर होतो. मध्ये पाव अँपिअरचा फ्यूज घालून हे काम करणारी जाणती माणसे आहेत. शाळेत मात्र हा मार्ग मी सुचवणार नाही.

दुसरा धोका नऊ नंबरच्या पिनेचा. मूळ मानकात ही पिन टेलिफोनची घंटा वाजल्याचे कळवण्यासाठी आहे, आणि संगणक तिच्यावर फक्त ऐकतो. पण दुकानांतून बिले करणारी जी यंत्रे असतात, त्यांतल्या काहींत याच पिनेवर गिऱ्हाइकाकडच्या पट्टीसाठी पाच किंवा बारा व्होल्ट देण्याची सोय असते. आत एक लहान खिट्टी हलवून ती बदलता येते. विकत मिळणाऱ्या काही पट्ट्याही नऊ नंबरवर वीज मागतात. अशी पट्टी शाळेतल्या साध्या संगणकाला लावली तर ती पेटणार नाही, एवढेच. पण मोडीत निघालेले बिलाचे यंत्र कोणी शाळेला भेट दिले, तर? त्याच्या नऊ नंबरवर बारा व्होल्ट असले आणि पट्टी पाच व्होल्टची असली, तर पट्टी जाते. म्हणून भेट आलेल्या यंत्राच्या सर्व पिनांवरचा दाब आधी मोजून कागदावर लिहावा आणि तो कागद यंत्राच्या पाठीवर चिकटवावा.

काही शिक्षक म्हणतील, की अहो, आता हे पोर्ट राहिले आहे कुठे? खरे आहे. घरगुती संगणकांतून ते जवळजवळ गेले. १९९६ साली यूएसबी आले आणि हळूहळू त्याने जागा घेतली. पण काटे, दूध तपासण्याची यंत्रे आणि कारखान्यांतली कित्येक यंत्रे अजून आरएस-२३२ बोलतात. त्यांच्यासाठी यूएसबीला सिरीअलची शेपटी जोडणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यांच्यावर मात्र ही उसनवारीची युक्ती चालेलच असे नाही. ते स्वतःच पाच व्होल्टवर जगतात. त्यांच्या डीटीआरवर पुष्कळदा पाच-सहा व्होल्टच मिळतात. डायोड आणि रेग्युलेटर यांचे खाणे वजा जाता पट्टीच्या वाट्याला काय उरणार? काही कन्व्हर्टर तर ऋण दाब देतच नाहीत. असा कन्व्हर्टर वापरायचा असेल तर पट्टीची वीज सरळ यूएसबीतून घ्यावी. तिथे पाच व्होल्टवर सुरुवातीलाच शंभर मिलिअँपिअर हक्काचे असतात. हक्काचे मिळत असताना उसने मागण्यात शहाणपण नाही.

काट्याच्या पोर्टातूनही वीज घेण्याचा प्रयत्न करू नये. बहुतेक काट्यांतून अक्षरे जाण्या-येण्याच्या दोन तारा आणि जमीन, अशा तीनच तारा बाहेर येतात. डीटीआर नसतेच. शिवाय शाळेत केलेली पट्टी ही शिकण्याची वस्तू आहे. वजनमापे निरीक्षकाचा शिक्का काट्यावर असतो. व्यवहारात आकडा धरायचा तो शिक्क्याच्या काट्यावरचा.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांना एक सूचना. डीटीआर आणि आरटीएस जोवर पोर्ट उघडे आहे तोवरच 'हो' म्हणतात. पुष्कळ मुले सवयीने पोर्ट उघडतात, ओळ पाठवतात आणि पोर्ट बंद करतात. पोर्ट बंद झाले की पट्टीची वीज गेली. एक ओळ पाठवल्यावर पट्टी क्षणभर उजळून कोरी झाली, तर जोडणीत दोष शोधत बसू नका. प्रोग्राम पाहा. पोर्ट दिवसभर उघडे ठेवायचे आणि पहिली ओळ पाठवण्यापूर्वी एक-दोन सेकंद थांबायचे. या तारा 'पाठवू का' वगैरे विचारण्यासाठी वापरणारी जी सोय प्रोग्राममध्ये असते, ती बंद ठेवायची. नाहीतर संगणक मध्येच आरटीएस 'नाही' करील.

पट्टीवर मराठी अक्षरे येतील का, हा प्रश्न हमखास येतो. या चिपमध्ये इंग्रजी अक्षरे आहेत, चिपच्या प्रकाराप्रमाणे जपानीही असतात, मराठी नाहीत. पण पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा चौकटीत आपल्या मनाची आठ चित्रे भरायला जागा दिलेली आहे. आपले अंक दहा आणि जागा आठ. मुलांना चौकटीचा कागद द्या आणि हा प्रश्न त्यांच्यावरच सोपवा. शून्य इंग्रजीतले चालते. दोन आणि तीन हे अंक दोन्ही लिप्यांत इतके जवळचे आहेत की इंग्रजीतले खपून जातात. उरले एक, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. सात चित्रे झाली. आठवी जागा मोकळी राहते, तिच्यात २०१० साली ठरलेले रुपयाचे चिन्ह नेमके बसते. या सगळ्याला विजेचा जास्तीचा खर्च काही नाही.